आभाराची बाटली

“मी सांगतो ना, मी प्यायलो होतो म्हणून,” ताविया म्हणाला. “सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कोण कुठं बघायला जातंय?”

 अद्दाई कानशींवरची राख पुसत होता. दोन महिने रानं जळत होती, कोकोच्या बागा जळत होत्या, आणि त्यांची राख वाऱ्याबरोबर गावभर फिरत होती. बेपोसोत कुठलीही वस्तू संध्याकाळी पुसून ठेवावी तर सकाळी पुन्हा करडी. तरी अद्दाई रोज पुसत होता. आज जरा जास्तच मन लावून पुसत होता, कारण बाप जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. दुपारी बापाच्या घराण्याची माणसं बसणार होती, आणि ती बसली की या छपराखालच्या एकूण एक वस्तूचं काय करायचं ते ठरणार होतं.

“ऐकतोयस का?” ताविया खोक्यावर बसला. “ज्यासीकाका विचारणार, बाप जिवंत असताना तुला हे सगळं देऊन गेला म्हणतोस, तर आभाराची बाटली कुठं ठेवलीस? कुणासमोर? कोण प्यायलं? मी उभा राहीन. म्हणीन, मी प्यायलो. संपला विषय.”

“कोणती होती?”

“काय कोणती?”

“दारू. विचारलं तर काय सांगशील?”

ताविया विचारात पडला. “ताडाचीच असणार की. दुसरी मिळते कुठं?”

“तेव्हा मिळायची.”

“मग परदेशी म्हणतो. हिरव्या बाटलीतली.” त्याने चेहरा गंभीर केला, जणू तिची चव आठवत होता. “दोन घोट घेतले. तिसरा तुझ्या बापानं घेऊ दिला नाही. असं सांगितलं की लगेच खरं वाटतं. तुझ्या बापाचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे.”

अद्दाईला हसू आलं आणि ते त्याने कानशीकडे बघत गिळलं. ताविया सुतार. त्याच्या घरातला रंधा, पटाश्या, गिरमिट, करवतीची मूठ, सगळं याच छपराखाली जन्मलेलं. अवजारं गेली तर पटाशीची धार लावायला त्याला कुमासीला जावं लागलं असतं, आणि त्या वर्षी कुमासीला जायला गाडी मिळाली तर तिच्यात पेट्रोल नसे. तेव्हा त्याचा कळवळा अगदीच निःस्वार्थी होता असं नाही. पण चाळीस वर्षांची मैत्रीही खोटी नव्हती.

“विचार करून सांगतो,” अद्दाई म्हणाला.

“तू विचार करायला लागलास की मला भीती वाटते,” ताविया उठत म्हणाला. “लोखंड गार होईपर्यंत विचार करणारा माणूस तू.”

तो सहज बोलून गेला, पण ते वाक्य अद्दाईला लागलं. सगळा घोटाळा झाला होता तो लोखंड गरम होतं म्हणून.

अद्दाई क्वाकू बादूचा मुलगा, पण क्वाकू बादूच्या घराण्याचा नव्हे. त्यांच्यात मूल आईच्या रक्ताचं, आणि बापाची मिळकत बापाच्या बहिणीच्या मुलाची. हे इतकं साधं होतं की त्यावर कुणी चिडत नसे. अद्दाईलाही स्वतःच्या मामाकडून कोकोची लहानशी बाग मिळालीच होती, ती आता जळली ही गोष्ट वेगळी. ज्या बापाला आपल्या पोराला काही द्यायचं असेल त्याने जिवंतपणी द्यावं, आपल्या घराण्यातल्या चार जणांना बोलवून द्यावं, आणि पोराने बाटली ठेवून आभार मानावेत. बाटली प्यायली गेली की दिलेलं पक्कं. नाही प्यायली गेली, तर दिलेलंच नाही.

क्वाकू बादूने रेल्वेच्या कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि तो रिकाम्या हातांनी घरी आला. कारखान्यातली अवजारं कारखान्याची. इतर माणसं डब्यातून, विजारीतून, टोपीतून एकेक पाना घरी आणत. याने खिळासुद्धा आणला नाही. आणि मग घराच्या मागे चार खांबांवर पत्रा टाकून त्याने स्वतःची अवजारं स्वतः करायला घेतली. मोडक्या ट्रकच्या आसाचा हातोडा केला. स्प्रिंगच्या पाट्यांच्या छिन्न्या आणि पटाश्या केल्या. भंगारात विकत घेतलेल्या रुळाच्या तुकड्याची ऐरण, सायकलच्या चाकावर फिरणारं भोकं पाडायचं यंत्र, बकऱ्याच्या कातड्याचा भाता. विहिरीच्या तोंडाएवढं चाक पायाने फिरवून चालणारा लेथ करायला त्याला अडीच वर्षं लागली. तो लेथ बघायला माणसं मम्पोंगहून चालत आली होती. बाकी सगळं गाव तेव्हा म्हणे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. मग दुकानं ओस पडली, पैसे देऊनही एक कानस मिळेनाशी झाली, आणि सगळं गाव त्या वेडाच्या दारात येऊन उभं राहिलं. कुणाला कसावाचे कंद पिळायचं दाबयंत्र हवं, कुणाला सुऱ्याची मूठ, दाईला नाळ कापायची कात्री.

अद्दाई तिथे अठराव्या वर्षी आला आणि तिथेच अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला. मधे लग्न झालं. बायको चार वर्षं राहिली. “तुझ्या अंगाला गंजाचा वास येतो,” असं म्हणून ती भावाकडे गेली, आणि खरं बोलत होती म्हणून अद्दाईने तिला अडवलं नाही. नाकासमोर चालणारा माणूस. सकाळी छपराखाली जायचा, संध्याकाळी बाहेर यायचा, आणि बाप-लेक दिवसभरात मिळून वीस वाक्यं बोलायचे, त्यातली पंधरा लोखंडाबद्दल.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी क्वाकू बादूने हातोडा खाली ठेवला. त्याचे डोळे गेले होते. पूर्ण नाही, पण लोखंड चेरीच्या रंगाचं झालं की नारिंगी, ते त्याला दिसेना. तो म्हणाला, “हे सगळं आजपासून तुझं. मी दिलं.”

अद्दाईच्या चिमट्यात तेव्हा पटाशी होती, लालबुंद. ती आत्ताच ठोकायला हवी होती. तो म्हणाला, “बरं.” आणि त्याने ठोकायला सुरुवात केली.

एवढंच. पटाशी झाल्यावर बोलू असं त्याच्या मनात होतं. पटाशी झाली तेव्हा बाप जेवायला गेला होता. मग वाटलं, येत्या सणाला बाटली आणू, ज्यासीकाकांना बोलवू. सण आला तेव्हा लाज वाटली. ज्या माणसाबरोबर एका थाळीत जेवतो त्याच्यापुढे परक्यासारखं उभं राहून, खांद्यावरचं वस्त्र उतरवून, “आपण दिलंत, मला मिळालं” असं म्हणायचं? बाप हसेल, असंही वाटलं. मग पुढच्या सणाला. मग त्याच्या पुढच्या. असं करत सात वर्षं गेली आणि बाप गेला.

अद्दाई परसात गेला तेव्हा आई, कोनादू, कसावाचे वाळलेले तुकडे कुटत बसली होती. त्या वर्षी पाहुण्यांना द्यायला दुसरं काही नव्हतं. चाळिसावा असून मांडवात खुर्च्या अर्ध्याच लागल्या होत्या, कारण लांबच्या नातलगांनी भूक घरीच सोसलेली बरी असा विचार केला होता.

“ताविया काल माझ्याकडे आला होता,” ती मुसळ न थांबवता म्हणाली. “म्हणाला, मावशी, तुम्हीही म्हणा की बाटली आली होती, पेले तुम्हीच दिले होते.”

“मग?”

“मग काय. मी म्हणीन की. माझं काय जातंय? माझ्या पोराच्या पोटाचा प्रश्न आहे. वर गेल्यावर तुझ्या बापाशी मी बघून घेईन, तिथंही तो लोखंडच घासत बसला असेल.” ती थांबली. मुसळ उखळीत उभं राहिलं. “पण पेले म्हणाला ना तो, तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.”

“का?”

“सांगू का नको असं चाललंय सकाळपासून.” तिने हात वस्त्राला पुसले. “तुला आठवतं, मधे तुझा बाप सणाच्या रविवारी पांढरं वस्त्र नेसून दारात स्टुलावर बसायचा? सकाळी आंघोळ करून?”

अद्दाईला आठवत होतं.

“मला चार पेले धुवायला लावायचा. मी विचारायची, कोण यायचंय? म्हणायचा, कोणी नाही, बसलोय आपला. दुपारपर्यंत बसायचा. मग उठून वस्त्राची घडी घालून ठेवायचा. मला वाटायचं, म्हातारपण आलं, डोळे गेले, दुसरं काय करणार.”

अद्दाईने त्या दाराकडे पाहिलं.

“तो वाट बघायचा रे,” ती म्हणाली. “तुझ्या बाटलीची. आणि मला मेलीला ते काल कळलं.”

“किती दिवस?”

“दोन-तीन वर्षं असेल. मग पेले धुवायला सांगेनासा झाला.”

त्याला एक रविवार स्पष्ट आठवला. तो छपराखाली बोल्टला आटे पाडत होता आणि बाप दारात पांढऱ्या वस्त्रात बसला होता. “बाबा, कुठं निघालात?” त्याने तिथूनच ओरडून विचारलं होतं. “कुठं नाही,” बाप म्हणाला होता. आणि अद्दाईने पुन्हा मान खाली घालून आटे पाडले होते, दुपारपर्यंत, दहा पावलांवर.

तो उखळीशेजारी खाली बसला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही की काही नाही, ती पुन्हा कुटायला लागली. अद्दाईला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. पण मांडवात ढोल सुरू झाले होते, आणि घराण्याची माणसं लाल-काळ्या वस्त्रांत एकेक करून येऊन बसायला लागली होती.

ज्यासीकाका घराण्याचे कारभारी. अंगाने काडी, आवाजाने नगारा. त्यांच्या उजव्या हाताला अम्पेम बसला होता, क्वाकू बादूच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, टाकोराडीच्या बंदरात कारकून. वय अडतीस. त्या वर्षी सगळ्यांचीच गळ्याची हाडं वर आली होती, त्याचीही आली होती. तो दोन दिवस प्रवास करून आला होता आणि त्याला या सगळ्याचा संकोच वाटत होता हे त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

आधी जमिनीवर दारू ओतून पूर्वजांना बोलावलं गेलं. त्यांत शेवटचं नाव क्वाकू बादूचं घेतलं. “ये, बस, ऐक,” असं ज्यासीकाका म्हणाले. मग त्यांनी अद्दाईला पुढे बोलावलं. अद्दाईने चपला काढल्या, वस्त्र खांद्यावरून खाली घेतलं आणि तो उभा राहिला.

“तू म्हणतोस, मागची अवजारं बापानं तुला जिवंतपणी दिली.”

“दिली.”

“कुणासमोर?”

“आम्ही दोघंच होतो.”

“बरं. देताना दोघं असतील. पण नंतर आभार मानलेस? बाटली ठेवलीस?”

तावियाने खाकरून घसा मोकळा केला. मांडवात सगळ्यांना ते ऐकू गेलं. ज्यासीकाकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा अद्दाईकडे. “घाई नाही,” ते म्हणाले. “नीट आठव. साक्षीदार आहे असं माझ्या कानावर आलंय. असेल तर त्याला बोलू दे. आमच्यापैकी कुणाचीही हरकत नाही.”

ज्यासीकाका सुटकेचं दार उघडं धरून उभे होते. हे अद्दाईला कळलं, तावियाला कळलं, मागे बायकांत बसलेल्या कोनादूला कळलं. अम्पेमसुद्धा मान खाली घालून बसला, म्हणजे त्यालाही चाललं असतं. एक शब्द, आणि लेथ, ऐरण, भाता, तीस वर्षांचं आयुष्य जागच्या जागी राहिलं असतं.

“तावियाला माझी दया आली,” अद्दाई म्हणाला. “तो प्यायलेला नाही. मी बाटली ठेवली नाही.”

“लेका,” ताविया हळूच म्हणाला.

“तोंडानंसुद्धा काही बोललो नाही. बाबा म्हणाले दिलं, मी म्हणालो बरं.”

 बाटली ठेवली होती असं म्हटलं असतं तर बापाचे ते सगळे रविवार खोटे झाले असते, आणि बापाला आत्ताच हाक मारून बोलावलेलं होतं, तो ऐकत बसलेला होता. हे अद्दाईला सांगता आलं नसतं. त्याने सांगितलंही नाही.

ज्यासीकाकांनी बराच वेळ हातातली काठी फिरवली. “मग दिलेलं नाही,” ते म्हणाले. ते बोलताना त्यांचा नगारा जरा बसला होता.

“काका, यातलं पुष्कळसं मी केलंय. माझ्या हातानं. बाबांचे डोळे गेल्यावरचं तर सगळंच.”

“छप्पर कुणाचं?”

“बाबांचं.”

“कोळसा, ऐरण, भाता?”

“बाबांचा.”

“बापाच्या शेतात मुलगा राबला तर पीक कुणाचं?”

“बापाचं,” अद्दाई म्हणाला. हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. इतरांच्या बाबतीत ते त्याला बरोबरच वाटलं होतं.

अम्पेमला उभं करून वारस म्हणून जाहीर केलं गेलं. त्याला वारसाची खूण म्हणून मामाचं स्टूल दिलं, मामाची म्हातारी बायको सांभाळायला दिली, मागचं छप्पर आणि त्याखालची अवजारं दिली. “आणि हा मुलगा,” ज्यासीकाका अद्दाईकडे हात करून म्हणाले. “अद्दाई, आजपासून हा तुझा बाप. घरात तुझी खोली तुला आहे. त्याला मान दे. अम्पेम, तू याचा बाप. याला उपाशी ठेवू नकोस.”

दहा वर्षांनी धाकटा बाप आपल्या नव्या मुलाकडे बघून कसंनुसं हसला. मागे कुणीतरी बाई खुदकन हसली आणि तिला दुसरीने गप्प केलं.

मग अद्दाई, अम्पेम, ज्यासीकाका, ताविया असे पाच-सहा जण छपराखाली आले. अम्पेम सगळीकडे बघत उभा राहिला. त्याचे हात मऊ होते, बोटाला शाईचा डाग होता. अद्दाई एकेक वस्तू उचलून त्याच्यापुढे ठेवत गेला. लपवाछपवी नाही, आदळआपट नाही. “ही आटे पाडायची. ही बारीक कानस, हिला ओलं लागू द्यायचं नाही. ही पकड डावीकडे ओढते, हिला सवय आहे. हा लेथचा पट्टा, दर महिन्याला पामतेल.” सांगता सांगता त्याच्या ध्यानात आलं की समोरच्या माणसाला यातलं काहीच कळत नाहीय, आणि तरी तो मान हलवतोय. अद्दाई मग नुसतीच नावं सांगायला लागला.

“दादा,” अम्पेम मधेच म्हणाला. त्याला नवं नातं अजून जमलं नव्हतं. “मी हे टाकोराडीला नेऊन काय करणार? कुमासीच्या भंगार बाजारात एक माणूस सगळं एकदम घेतो म्हणालाय. उद्या ट्रक येईल. माझी चार पोरं आहेत. धाकटीचे केस लाल झालेत.”

“माहीत आहे,” अद्दाई म्हणाला. त्या वर्षी भुकेने केस लाल झालेली पोरं प्रत्येक गल्लीत होती.

“मी तुझ्या जागी असतो तर हो म्हणालो असतो. बाटली ठेवली होती म्हणून. मी काही बोललो नसतो.”

“ते दिसलं मला.”

अम्पेमने ज्यासीकाकांकडे पाहिलं. “यातलं एक मी याला दिलं तर चालेल?”

“तुझं आहे. तू दे.”

“मग यातलं एक घे, दादा. कुठलंही. लेथ घे हवा तर.” लेथ म्हणताना त्याचा आवाज जरा कापला, कारण भंगारवाला मुख्यतः लेथसाठीच येणार होता. पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

ताविया डोळ्यांनी लेथ दाखवत होता. अद्दाईने लेथकडे पाहिलं. अडीच वर्षांचं काम. मग तो कोपऱ्यात गेला आणि त्याने पोतं बाजूला करून एक लोखंडाची लादी दाखवली. हातभर लांब, हातभर रुंद, चार बोटं जाड. वर तेलाचा पातळ थर.

“ही,” तो म्हणाला.

“ही?” अम्पेमला वाटलं, हा रुसलाय. “ही तर नुसती लादी आहे.”

“अरे, मानानं देतोय तर मानानं घे,” ज्यासीकाकाही म्हणाले. “रागावून कमी मागू नये.”

“राग नाही, काका.”

ती नुसती लादी नव्हती. ती सपाट होती. गावात, कदाचित कुमासीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर, खरोखर सपाट अशी तेवढी एकच वस्तू होती. क्वाकू बादूने तुटलेल्या यंत्राच्या बैठकीतून तीन लाद्या काढल्या होत्या. पामतेलात काजळी कालवून एक लादी दुसरीवर घासायची, जिथे काळं लागेल तिथे उंचवटा, तो खरवडायचा, पुन्हा घासायची. पण दोनच लाद्या एकमेकींवर घासत बसलं तर एक खोलगट होते, दुसरी फुगीर, आणि दोघी एकमेकींत अशा बसतात की दोघी खऱ्या वाटतात. म्हणून तिसरी लागते. बापाने सात महिने रोज ते केलं होतं, अद्दाई शेजारी बसून काजळी कालवत असे. दोघांच्या खरेपणाला तिसरा लागतो हे क्वाकू बादूने मुलाला लोखंडात शिकवलं. माणसांत मात्र ते दोघांनाही सुचलं नाही. बाकीच्या दोन लाद्या पुढे दाबयंत्रांच्या तळाला गेल्या. ही राहिली, आणि इथली प्रत्येक सरळ कड, लेथसकट, हिच्यावर पारखून सरळ झाली होती.

“हातोडा मी पुन्हा करीन,” अद्दाई म्हणाला. “लेथही करीन, वेळ लागेल. हिच्याशिवाय काहीच सरळ व्हायचं नाही.”

ताविया सुतार होता, त्याला कळलं. त्याने मान हलवली आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

“दिली,” अम्पेम म्हणाला. “घे.”

सगळे निघायला वळले.

“थांबा,” अद्दाई म्हणाला. “जाऊ नका. बसा. मी आलोच.”

तो जवळजवळ धावतच गेला. रस्त्यापलीकडे एक विधवा ताडाची दारू गाळायची. तिच्या भट्टीची वळणदार नळी अद्दाईनेच दोनदा नीट करून दिली होती, पण त्याची आठवण द्यायची ही वेळ नव्हती, आणि तीही त्या वर्षी कुणाला फुकट देण्यासारखी नव्हती. खिशात काही नव्हतं. अंगावरचं काळं वस्त्र आज उतरवता येत नव्हतं. त्याने पायांतल्या चपला काढून तिच्या उंबऱ्यावर ठेवल्या. चांगल्या, टायरच्या, नव्या वादीच्या. तिने चपलांकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बाटली भरून दिली.

तो परत आला तेव्हा आईने पेले आणून ठेवले होते. तिला कुणी सांगितलं नव्हतं. वडीलधाऱ्यांसमोर जाताना चपला काढायच्याच असतात, त्यामुळे त्याच्या अनवाणी पायांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला होता, तो त्याच्या तळव्यांना टोचत होता. त्याने वस्त्र खांद्यावरून कमरेपर्यंत खाली घेतलं. एका पेल्यात दारू ओतून तो पेला उजव्या हातात घेतला, डावा हात उजव्याला आधाराला लावला आणि तो अम्पेमसमोर उभा राहिला. ज्यासीकाका, ताविया, कोनादू, घराण्यातले आणखी दोघे बाजूला उभे होते. सगळे बघत होते. असंच असायला हवं होतं.

“बाबा,” अद्दाई म्हणाला.

अम्पेमने दचकून वर पाहिलं. अद्दाई त्याच्याकडेच बघत होता, पण त्याचे डोळे भरले होते आणि समोरचं काही त्याला धड दिसत असेल असं वाटत नव्हतं.

“बाबा, तुम्ही मला दिलंत.” तो थांबला. पुढचे शब्द ठरलेले असतात, लहान मुलालाही येतात. त्याला ते सापडेनात. “तुम्ही मला दिलंत आणि मला मिळालं. मी घेतलं. मला फार पूर्वी बोलायला हवं होतं, तुम्ही बसला होतात. मी कामात होतो. मी आभार मानायला आलोय. चार माणसांसमोर आलोय. माझं हे घ्या.”

पेला अम्पेमच्या हातात गेला. कोनादूने वस्त्राचा पदर तोंडावर दाबून धरला होता. ज्यासीकाका काठीवर रेलून जमिनीकडे बघत होते.

अम्पेम पेला धरून तसाच उभा राहिला. तो प्यायला नाही. रिवाजाप्रमाणे त्याने प्यायला हवं होतं, नाहीतर लादीचंही दान पक्कं होत नव्हतं, आणि ते त्याला माहीत नव्हतं असं नाही. एक क्षण तावियाला वाटलं, हा शब्द फिरवतोय. मग अम्पेम दोन पावलं मागे सरला, खाली वाकला आणि त्याने पेला सावकाश जमिनीवर ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत. लोखंडाच्या किसाने भरलेल्या मातीने ती दारू चटकन पिऊन टाकली.

“हे माझं नव्हतं,” तो म्हणाला.

 त्याने रिकामा पेला उजव्या हाताने पुन्हा पुढे केला.

“आता माझं ओत.”

अद्दाईने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि ओतली.